समीक्षकांचा कौल, प्रेक्षकांचा कौल

पुणे स्टेशनवरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात, की शिवाजीनगर आणि खडकी मागे टाकून गाडी दापोडीला थांबते. मुळा आणि पवना या नद्यांचा संगम इथेच आहे. इथे एस. टी. महामंडळाची मोठी मध्यवर्ती कार्यशाळा आहे. खेड्यापाड्यांत धावणाऱ्या किती तरी लाल गाड्या या कार्यशाळेतून बाहेर पडल्या. दापोडीच्या पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी असा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. अशा वस्तीत सुट्टीचा दिवस आठवड्यातून एकच. कोणाची सुट्टी रविवारी, कोणाची गुरुवारी.

आता १९७५ सालच्या एका कामगाराची कल्पना करा. त्याचे नाव तुम्हीच ठेवा. नुकताच पगार झाला आहे. घरात पत्नी, तीन मुले आणि म्हातारी आई आहे. सगळ्यांना घेऊन सिनेमाला जायचे आहे. त्या काळी घरोघरी दूरचित्रवाणी संच नव्हते. चित्रपट पाहायचा, तर चित्रपटगृहातच जावे लागे. सहा तिकिटे, जाण्यायेण्याचे भाडे, मध्यंतरात मुलांसाठी शेंगदाणे. एवढे पैसे महिन्याच्या खर्चातून बाजूला काढणे सोपे नव्हते. चित्रपट वाईट निघाला, तर पैसे परत मिळत नाहीत, आणि गेलेली सुट्टीही परत मिळत नाही. म्हणून हा कामगार वर्तमानपत्राचे ते पान उघडतो, ज्यावर नव्या चित्रपटांविषयी लिहिलेले असते. त्या लिखाणाला समीक्षा म्हणतात. उर्दूत तुम्ही ज्याला तबसिरा म्हणता, तीच ही समीक्षा. आणि नक्काद म्हणजे समीक्षक.

समीक्षकाने दिलेल्या निर्णयाला मराठीत 'कौल' असाही शब्द आहे. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. उर्दूत कौल म्हणजे वचन किंवा बोल. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ थोडा सरकला. गावात देवाला कौल लावतात, निवडणुकीत मतदार कौल देतात. घराच्या छपरावर घालतात तेही कौलच, पण त्याचा या कौलाशी संबंध नाही! चित्रपटाला दोन कौल मिळतात. एक समीक्षकांचा, दुसरा प्रेक्षकांचा. हे दोन कौल नेहमी जुळतात का? १९७५ साल पाहिले, की या प्रश्नाचे उत्तर फार मजेदार रीतीने मिळते.

त्या वर्षी किती निरनिराळ्या तऱ्हेचे चित्रपट आले, ते पाहा. जानेवारीत यश चोप्रा यांचा 'दीवार' आला. एप्रिलमध्ये हृषीकेश मुखर्जी यांचा 'चुपके चुपके' आला. मेच्या अखेरीस 'जय संतोषी माँ' आणि १५ ऑगस्टला 'शोले'. मराठीत याच वर्षी दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' गाजला आणि जब्बार पटेल यांच्या 'सामना'ची चर्चा झाली. मारामारी, विनोद, भक्ती, राजकारण, सगळे एकाच वर्षात. आपला दापोडीचा कामगार गोंधळून गेला असेल, तर त्यात नवल नाही.

'दीवार'च्या बाबतीत फारसा वाद झाला नाही. दोन भाऊ, एक पोलीस अधिकारी, दुसरा तस्कर, आणि मध्ये आई. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या नायकाच्या दंडावरचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला तुमच्या घरातील मोठ्या माणसांना आजही आठवत असेल. समीक्षकांनी चित्रपट वाखाणला, प्रेक्षकांनी गर्दी केली आणि फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. 'चुपके चुपके'ही सर्वांना आवडला. वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक मोटारचालकाचे सोंग घेतो आणि इतके शुद्ध हिंदी बोलतो, की ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट होते. दुसरी भाषा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा चित्रपट पाहावा. पुस्तकातली भाषा आणि बोलण्यातली भाषा यांत किती अंतर असते, ते त्यात चांगले कळते.

खरी गोष्ट 'शोले'ची. शोला म्हणजे ज्वाळा, हे तुम्हांला सांगायला नकोच. निर्माते जी. पी. सिप्पी आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ डोंगरांत या चित्रपटाचे चित्रण केले. त्या काळात कोणी सहसा करत नसे इतका खर्च केला. पडदा मोठा, आवाज चारी बाजूंनी येणारा. देशात त्या वेळी आणीबाणी होती. चित्रपटाच्या शेवटी ठाकूर गब्बरसिंगला ठार मारतो, असे मूळ चित्रण होते. ते अभ्यवेक्षण मंडळाला, म्हणजे सेन्सॉरला, मान्य झाले नाही. शेवट बदलावा लागला आणि गब्बर पोलिसांच्या हाती दिला गेला.

चित्रपट प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढले. एका इंग्रजी पाक्षिकाच्या समीक्षकाने चित्रपटाच्या नावावरूनच टोमणा मारला आणि त्याला विझलेला निखारा ठरवले. 'फिल्मफेअर'चे मत असे, की ही पाश्चात्त्य घोडेस्वारपटांची नक्कल आहे, जी धड तिकडची नाही आणि धड इकडचीही नाही. गब्बरसिंगची भूमिका करणारे अमजद खान तेव्हा नवे होते. त्यांच्या आवाजात दम नाही, असेही बोलले गेले. चित्रपटाच्या धंद्यातली मंडळी माना हलवू लागली. एवढा पैसा बुडाला, असे त्यांना वाटले. मराठीत अशा वेळी 'चित्रपट पडला' म्हणतात. चित्रपट काही पायऱ्यांवरून पडत नाही. पण त्यावर पैसा लावणारा माणूस मात्र खरोखर पडतो.

पहिल्या आठवड्यातील हे बोलणे ऐकून चित्रपट करणारेही घाबरले. जय मरतो हे लोकांना आवडले नसेल, तर शेवट पुन्हा चित्रित करून त्याला जिवंत ठेवावे का, याचा विचार सुरू झाला. हे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. तेव्हा घाई केली असती, तर आज आपण ओळखतो तो 'शोले' उरलाच नसता. शेवटी थोडे थांबून पाहायचे ठरले. कथा-पटकथा लिहिणारे सलीम खान आणि जावेद अख्तर मात्र डगमगले नाहीत. देशाच्या प्रत्येक मोठ्या विभागात हा चित्रपट एक कोटी रुपयांचा धंदा करील, अशी जाहिरातच त्यांनी दिली.

आणि मग कौल फिरला. तो कोणी फिरवला? वर्तमानपत्रांनी नव्हे. ज्यांनी चित्रपट पाहिला, त्यांनी बाहेर येऊन दुसऱ्यांना सांगितले. चहाच्या दुकानात, गाडीत, कारखान्याच्या फाटकाशी लोक चित्रपटातील संवाद म्हणून दाखवू लागले. पुढे नुसत्या संवादांच्या रेकॉर्डी निघाल्या आणि त्या हातोहात खपल्या. गाण्यांच्या रेकॉर्डी लोक विकत घेत, पण बोलण्याच्या? ही नवलाची गोष्ट होती. तुम्हां उर्दू वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गंमत सांगतो. जावेद अख्तर आपले लेखन उर्दू लिपीत करतात. घरोघरी पाठ झालेले ते संवाद पहिल्यांदा उजवीकडून डावीकडे लिहिले गेले होते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

मग समीक्षक चुकले, असे म्हणून हसायचे का? इथे जरा थांबा. समीक्षकाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हा चित्रपट चालणार नाही. दोन, त्यातील बरेचसे परदेशी चित्रपटांवरून घेतलेले आहे. पहिली गोष्ट साफ खोटी ठरली. दुसरी खोटी नव्हती. गावाच्या रक्षणासाठी भाड्याने लढवय्ये आणण्याची कल्पना जपानच्या अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' या १९५४ सालच्या चित्रपटात आहे, आणि अमेरिकी व इटालियन घोडेस्वारपटांची छाया 'शोले'वर स्पष्ट दिसते. समीक्षकाचे डोळे उघडे होते. माझ्या मते त्याचे कान मात्र नीट ऐकत नव्हते. उसने आणलेल्या कथेत आपल्या मातीतले बोलणे किती जिवंत भरले आहे, ते त्याला ऐकू आले नाही. गब्बरची बोली, सूरमा भोपालीच्या बाता, बसंतीची अखंड बडबड, मुलगा गेल्यावर इमामसाहेबांचे थोडेसे शब्द, हे कोणत्या परदेशी चित्रपटात मिळणार?

पुरस्कारांचीही तीच कथा. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या लाखो फूट फिल्ममधून नको ते कापणे आणि हवे ते जोडणे. संकलकाचे नाव एम. एस. शिंदे. चित्रपट पाहून लोकांना नट आठवतात, संवाद आठवतात. कात्री चालवणारा माणूस कोणाला आठवत नाही. पण तीन तासांहून मोठा चित्रपट कंटाळा न येता पाहता येतो, याचे मोठे श्रेय त्या कात्रीला आहे. या बाबतीत निवड समितीने चांगले ओळखले. पुढे २००५ साली फिल्मफेअरने पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'शोले'चीच निवड केली. कौल एवढा बदलायला तीस वर्षे लागली. २०२५ साली इटलीतील बोलोन्या शहरात हा चित्रपट त्याच्या मूळ, न बदललेल्या शेवटासह दाखवण्यात आला.

'जय संतोषी माँ' हा त्याच वर्षातला दुसरा चमत्कार. दिग्दर्शक विजय शर्मा. मोठे नट नाहीत, मोठा खर्च नाही. 'शोले'वर समीक्षक निदान रागावले तरी. या चित्रपटाकडे त्यांनी फारसे वळूनही पाहिले नाही. प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, तो डोक्यावर घेतला. गावोगावी लोक चपला बाहेर काढून चित्रपटगृहात शिरत, पडद्यावर फुले आणि पैसे उधळत. सी. अर्जुन यांनी चाली दिलेली आणि उषा मंगेशकर यांनी गायलेली आरती घराघरांत पोहोचली. आता सांगा, एवढी गर्दी झाली म्हणून चित्रपट म्हणजे कलाकृती म्हणून तो 'दीवार'हून श्रेष्ठ झाला का? तसे म्हणता येणार नाही. त्यातील देवादिकांची दृश्ये साधी, अभिनय ढोबळ. पण त्याला वाईट म्हणून सोडून देणेही बरोबर नव्हते. दुःखी सुनेची हाक ऐकणारे कोणी तरी आहे, ही गोष्ट लाखो बायकांना का हवीशी वाटली, हे समीक्षकाने विचारायला हवे होते. हा प्रश्न पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला आणि त्यावर लेख लिहिले.

मराठीत उलट्या बाजूचे उदाहरण घडले. 'सामना'चे दिग्दर्शक जब्बार पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. पुणे जिल्ह्यातील दौंड येथे त्यांचा दवाखाना होता. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा पुढारी आणि दारूच्या आहारी गेलेला एक म्हातारा मास्तर, या दोघांचा हा सामना आहे. मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालेला आहे. त्याचे काय झाले, एवढे एकच मास्तर पुन्हापुन्हा विचारत राहतो. पुढारी निळू फुले यांनी रंगवला आणि मास्तर डॉ. श्रीराम लागू यांनी. जाणकारांनी चित्रपट उचलून धरला, पण सुरुवातीला गर्दी झाली नाही. पुढे जर्मनीतील बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली, आणि मग मराठी प्रेक्षकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. घरच्या माणसाची किंमत परगावच्या पाहुण्याने सांगितल्यावर कळते, तसेच हे. मला विचाराल, तर त्या वर्षीच्या सर्व चित्रपटांत ज्याचा प्रश्न आजही जसाच्या तसा टोचतो, तो 'सामना'च.

दादा कोंडके यांचे प्रेक्षक वेगळे. गिरणीतला कामगार, बाजाराला आलेला शेतकरी, हमाल, हवालदार. आपल्या दापोडीच्या कामगारानेही 'पांडू हवालदार'च निवडला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. अशोक सराफ यांना तो फार उपयोगी पडला. कोंडके यांच्या दोन अर्थांच्या विनोदावर सुशिक्षित मंडळी नाके मुरडत. त्यांचा आक्षेप अगदीच चूक होता असे नाही. परंतु ज्याला सगळे दटावतात अशा भोळ्या गरीब माणसाला कोंडके पडद्याच्या मधोमध उभे करत, हेही पाहायला हवे होते.

त्या वर्षी आणखी एक कौल दिला गेला, आणि तो ना समीक्षकांचा होता, ना प्रेक्षकांचा. गुलजार यांचा 'आंधी' चित्रपटगृहांत चालू असताना आणीबाणीत त्याच्यावर बंदी आली. १९७७ नंतर तो पुन्हा दाखवता आला. समीक्षा कितीही कडू असली, तरी ती वाचून तुम्ही स्वतः ठरवू शकता. बंदीत ती सोय नसते.

समीक्षकांवर चिडलेले लोक एक ठरलेले वाक्य बोलतात : एवढे कळते, तर स्वतः चित्रपट काढून दाखवा! ख्वाजा अहमद अब्बास यांनी ते खरोखर करून दाखवले. पानिपतला १९१४ साली जन्मलेले अब्बास मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' या वृत्तपत्रात चित्रपटांची समीक्षा लिहीत. पुण्याच्या प्रभात कंपनीत व्ही. शांताराम यांनी १९३९ साली 'माणूस' काढला. त्याच्या 'आदमी' या हिंदी आवृत्तीचे अब्बास यांनी मनापासून कौतुक केले होते. त्याचाही नायक पोलीस हवालदारच, पण तो हसवणारा नव्हे, अंतःकरण हलवणारा. पुढे अब्बास यांनी 'नया संसार'ची कथा लिहिली, १९४६ साली 'धरती के लाल' दिग्दर्शित केला, आणि १९६९ साली 'सात हिंदुस्तानी'मध्ये अमिताभ बच्चन यांना पहिली भूमिका दिली. उर्दू, इंग्रजी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत ते लिहीत राहिले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वयंपाक न येणाऱ्यालाही आमटी खारट झाली हे सांगता येते. फक्त त्याने नुसते तोंड वाकडे करू नये. मीठ जास्त की आमसूल, तेवढे सांगावे.

आज चित्रपटाला तारे देण्याची पद्धत आहे. पाचपैकी तीन, पाचपैकी साडेतीन. हातातल्या फोनवर एका क्षणात शेकडो लोकांचे तारे दिसतात. सोय मोठी आहे, पण तारे हा निव्वळ कौल झाला, त्यात कारण नाही. दापोडीच्या त्या कामगाराला तीन तारे सांगून काय उपयोग? त्याला विचारायचे आहे, की आईला समजेल का, धाकटा मुलगा घाबरेल का, गाणी कशी आहेत, कथा मध्यंतरानंतर ढिली पडते का. चांगल्या समीक्षेत कारण दिलेले असते. कारण दिले, की समीक्षकाशी भांडताही येते. तो म्हणाला, चित्रपटात मारामारी फार आहे, म्हणून मला आवडला नाही. तुम्ही म्हणाल, वा, मग आम्ही जाणारच! समीक्षकाला चित्रपट नापसंत होता, तरी त्याची समीक्षा तुमच्या उपयोगी पडली.

पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिथे जुन्या चित्रपटांबरोबर जाहिरातीची चित्रे, गाण्यांच्या पुस्तिका आणि चित्रपटांवरचे छापील लेखनही जपून ठेवतात. दापोडीहून लोकलने शिवाजीनगरला उतरले, की ते फार दूर नाही. पहिल्या आठवड्यात कोण काय म्हणाले आणि पुढे काय झाले, हे ताडून पाहायची हौस असेल, तर शिक्षकांबरोबर एकदा तिथे जाण्याची परवानगी मागा.

स्वाध्याय

१. 'शोले'च्या पहिल्या समीक्षेतील कोणती गोष्ट खोटी ठरली आणि कोणती खरी होती?

२. वाक्यांत उपयोग करा : डोक्यावर घेणे, नाके मुरडणे, उचलून धरणे, झोडपून काढणे.

३. कौल, नापसंत, परवानगी, हौस हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात, ते घरी विचारून लिहा. अर्थ बदललेला असेल, तर त्याखाली रेघ मारा.

४. तुम्ही अलीकडे पाहिलेल्या एका चित्रपटाची समीक्षा दहा ओळींत मराठीत लिहा. 'छान', 'मस्त' आणि 'बोअर' हे तीन शब्द वापरू नका. वर्गातील ज्या मित्राला तो चित्रपट उलट वाटला असेल, त्याला ती वाचायला द्या, आणि त्याने दिलेले उत्तर अकराव्या ओळीपासून त्याच्याच हाताने लिहून घ्या.